मामांची गिटार आणि पाठभेद

गेल्या वर्षी मामांचे सांगलीचे घर आवरताना माळ्यावर एक काळी पेटी सापडली. आत त्यांची जपानी बनावटीची, स्ट्रॅटोकास्टरच्या नमुन्यावर घडवलेली इलेक्ट्रिक गिटार होती. १९७४ साली जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मित्राकडून त्यांनी ती घेतली आणि पुढची बारा वर्षे गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांमधून वाजवली. मग बँकेतल्या बढतीबरोबर बदल्या आल्या आणि गिटार माळ्यावर गेली. आता तिच्या तारा गंजल्या होत्या, दोन खुंट्या मोडल्या होत्या, तीनपैकी एक पिकअप मुका झाला होता. मामांचाही उजवा हात अर्धांगवायूने अधू झालेला. तरीही ती दुरुस्त करून त्यांच्या हाती द्यावी, असे मनाने घेतले.

पुण्यातल्या कारागिराने चार स्क्रू काढले आणि गिटारची मान धडापासून सहज वेगळी केली. मला धस्स झाले. सतार-तंबोऱ्याची सवय असलेल्या मनाला वाद्याचे असे विघटन सोसत नाही. पण या जातीच्या गिटारमागची कल्पनाच तशी आहे. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणणारे लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातले रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. बिघडलेला भाग काढावा, दुसरा बसवावा, हा दुरुस्तीवाल्याचा विवेक त्यांनी वाद्यात आणला. एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ तर तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे उत्तम भाग जुळवून केलेली. २००४ साली लिलावात तिला साडेनऊ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. त्या जुळणीला कुणी बनावट म्हटले नाही, कारण वर्षानुवर्षे ती एका हाताखाली वाजली होती.

त्या धीरावर मी होकार देत गेले. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की त्यांत क्षीण वीज उमटते. कुठला तरी वेढा तुटला होता, म्हणून नवा पिकअप आला. आवाज कमीजास्त करणारे, खरखरणारे पॉट बदलायचे ठरले, खुंट्याही. शेवटी पडदे. तारांच्या घर्षणाने त्यांना खाचा पडल्या होत्या.

“जुनं काही ठेवू का, मॅडम?”

“पिकअप द्या. पडद्यांचं काय करायचं?” मी म्हणाले.

चार दिवसांनी पाठचिकित्सेच्या तासाची टिपणे काढताना चूक उमगली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तिथून माझा तास सुरू होतो. आणि भांडारकर संस्थेच्या, १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीपाशी संपतो. तिथे स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठभेदही छापले आहेत. संपादकाला निवडीचा अधिकार आहे, पुरावा नष्ट करण्याचा नाही, हे माझे दरवर्षीचे ठरलेले वाक्य. आणि त्या खाचा? सर्वांत बारीक दोन तारांखाली, सातव्या पडद्यापासून बाराव्यापर्यंत त्या खोल होत्या. मामा कुठे रमत, याची तेवढीच नोंद उरली होती. त्यांच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण नाही.

मी फोन केला. पडदे भंगारात गेले होते.

“पट्टीच्या लाकडातही बोटांनी खळगे पडलेत,” कारागीर म्हणाले. “नवे पडदे ठोकण्याआधी उद्या घासून सपाट करतो.”

“ते आवाजाला बाधतात का?”

“नाही. तार पडद्यावर टेकते, लाकडावर नाही. दिसायला वाईट, एवढंच.”

“मग राहू द्या.”

गिटार मांडीवर ठेवली तेव्हा मामांनी डावा हात तिच्या मानेवरून फिरवला. “पडदे नवे आहेत,” ते म्हणाले. मी कबुली दिली. जुने कुठे आहेत, हे त्यांनी विचारले नाही. मग त्यांची बोटे खळग्यांपाशी थांबली. त्यांनी एक तार दाबली आणि माझ्याकडे पाहिले. उजव्या हाताचे काम आता माझे होते. मी तार छेडली. सूर बरोबर लागला की नाही, मला कळले नाही. मामांनी बोट पुढच्या पडद्यावर सरकवले.