डॉक्टर, पाव बंद करू का?

प्रवराकाठच्या एका गावातून आलेल्या मावशींनी मला हा प्रश्न विचारला. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, घास गिळताना आग. कुणीतरी 'यीस्ट इन्फेक्शन' म्हटलं होतं, आणि यीस्ट पावात असतं एवढं त्यांना ठाऊक होतं. खोकल्यासाठी आधी दोनदा अँटिबायोटिक झालं होतं. थर दिसल्यावर त्यांनी मेडिकलमधून त्याच गोळ्या पुन्हा आणल्या. थर आणखी वाढला.

मी म्हणालो, "मावशी, पावातलं यीस्ट भट्टीतच मरतं. तुमच्या तोंडात आहे ते त्याच्या भावकीतलं, पण वेगळं. त्याचं नाव कँडिडा."

यीस्ट आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा कारखान्यांच्या डिस्टिलरीत उसाच्या मळीतली साखर खाऊन अल्कोहोल बनवतं ते यीस्टच. साखर मिळाली की ते वाढतं, हे लक्षात ठेवा.

मावशींच्या जिभेवरचा थर काचपट्टीवर घेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अंडाकृती पेशी, आणि काहींच्या अंगावर छोटी कळी. शाळेत शिकलेलं 'कलिकायन' ते हेच. बेकरीच्या यीस्टची पेशी इतकी लहान असते, की एका मिलिमीटरमध्ये सुमारे दोनशे पेशी ओळीने मावतील. तरी तिच्या आत केंद्रक आहे, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका आहेत, साठवणीची रिक्तिका आहे. म्हणजे आतली मांडणी बरीचशी आपल्या पेशीसारखीच.

कळी वाढताना पेशी गुणसूत्रांची दुसरी प्रत तयार करते. मग केंद्रक ताणलं जाऊन कळीच्या अरुंद मानेतून अर्धं पलीकडे जातं, आणि मध्ये भिंत पडते. भरपूर साखर असेल तर बेकरीच्या यीस्टला यासाठी साधारण दीड तास पुरतो. त्या वेगाने एका पेशीच्या बारा तासांत २५६ होतात.

अँटिबायोटिक चाललं नाही, त्याचं कारण इथेच आहे. ते औषध जिवाणूंसाठी असतं. जिवाणूला केंद्रक नसतं, त्याची भिंत आणि प्रथिनं बनवणारी यंत्रणा वेगळी असते, आणि औषध नेमका तिथे घाव घालतं. यीस्टला त्याचा धक्काही लागत नाही. उलट तोंडातले, आतड्यातले आणि योनिमार्गातले उपयोगी जिवाणू मरतात आणि कँडिडाला मोकळं रान मिळतं. यीस्ट आपल्या पेशीच्या इतकं जवळचं असल्यामुळे त्याला मारून आपल्याला न दुखावणारं औषध शोधणंही अवघड. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, यीस्टच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. बुरशीची बरीच औषधं हा एवढाच फरक पकडून काम करतात.

या साम्याचा फायदाही झाला. पेशीने कधी विभागायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवणारी जनुकं लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टमध्येच शोधली. १९८७ साली नर्स यांच्या गटाने दाखवलं, की यीस्टमधलं असं एक जनुक बिघडलं तर माणसाचं जनुक त्याची जागा घेऊ शकतं. २००१ साली टिम हंट यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं. कर्करोग म्हणजे हाच थांबा मोडणं. स्तनाच्या कर्करोगावरची काही नवी औषधं याच ज्ञानातून आली.

मावशींची उपाशीपोटीची साखर २१० निघाली. मधुमेह आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. बुरशीच्या औषधाने थर गेला, पण खरा उपचार साखरेचा होता.

तोंडात असा थर, जांघेत किंवा योनीमार्गात खाज वारंवार येत असेल, तर मनाने अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइडचं मलम घेऊ नका. आधी रक्तातली साखर तपासा. दम्याचा पंप घेत असाल, तर प्रत्येक वेळी चूळ भरा.

आणि पाव? मावशींना मी तो कमीच करायला सांगितला. यीस्टसाठी नव्हे, मैद्यासाठी.