आमच्या घरची पद्मिनी

जुने माणूस आणि जुने यंत्र ही दोन्ही ज्या घरात असतात, त्या घरच्या गृहिणीस धीर धरावयाचे निराळे शिक्षण घ्यावे लागत नाही. आमच्या जुन्नरच्या घरी ही दोन्ही होती. जुने माणूस म्हणजे माझे श्वशुर, ज्यांस आम्ही मामंजी म्हणत असू. आणि जुने यंत्र म्हणजे त्यांनी 1986 साली घेतलेली पद्मिनी मोटार. सासूबाई तिला उघडउघड आपली सवत म्हणत. नावही तसेच पडले होते, त्यास त्या तरी काय करणार! रविवारी पूजा आटोपली की मामंजी खांद्यावर जुना पंचा टाकून अंगणात जात व बॉनेट उघडीत. मग पाने वाढल्याचा निरोप तीन वेळा गेल्यावाचून ते आत येत नसत.

या सवतीचे कुळ मात्र चांगले. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली. इटलीच्या फियाट 1100 या गाडीचा हा देशी अवतार. पद्मिनी हे नाव 1974 पासूनचे. चार सिलिंडरांचे लहानसे एंजिन आणि गिअरचा दांडा चाकापाशीच. तिच्यात संगणक नाही. ज्यास डोळे, नाक व कान आहेत त्यास तिचे दुखणे ओळखता आलेच पाहिजे, असे मामंजींचे मत होते. पुढे त्यांची दृष्टी अधू झाली. आमच्या घरची मंडळी नोकरीनिमित्त पुण्यास. तेव्हा चाक माझ्या हाती आले. परंतु मामंजींनी अट घातली की, जिला गाडीचे दुखणे कळत नाही तिने गाडी चालवू नये.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी : एंजिनास पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी ठिणगी, एवढेच हवे असते. यांपैकी काय मिळत नाही ते आधी शोधावे. पाना मागाहून उचलावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण दोन बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. हा दुसरा नियम मला स्वयंपाकघरातून ठाऊक होताच.

पहिली परीक्षा एका थंडीच्या सकाळी झाली. किल्ली फिरवली तर नुसती टक्‌ अशी वाजली. बॅटरी नवी घ्यावी लागणार, असे मी धरून चालले होते. मामंजींनी विचारले, “दिवे लावून पाहिलेस का?” दिवे लागत, पण किल्ली फिरवताच मालवत. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुकटी जमली होती. आधी ऋण बाजूची तार सोडवून मग दुसरी काढली, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टोके धुतली, कोरडी करून घट्ट बसविली आणि वर थोडे व्हॅसलीन लावले. गाडी तत्काळ सुरू झाली. खर्च काय तो चमचाभर सोड्याचा!

दुसरे दुखणे अधिक अवघड होते. गाडी चढाला अडखळे आणि मागून फटफट आवाज करी. एका कारखान्यात दाखविली तेव्हा, एंजिन उघडावे लागेल, असा निकाल मिळाला आणि जो आकडा सांगण्यात आला तो ऐकून सासूबाईंनी गाडी विकावयाचा विषय काढला. मामंजी काही बोलले नाहीत. संध्याकाळी अंगणातील दिवा मालवून त्यांनी मला ठिणगी पाहावयास सांगितले. ती निळी व कडकडीत असावी. आमची पिवळट आणि मरगळलेली होती. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले तर आतील पॉइंट जळून खड्डे पडलेले. पॉइंट जळणे हे लक्षण. मूळ रोग शेजारच्या बोटभर कंडेन्सरचा. नारायणगावहून कंडेन्सर आणि पॉइंट आणले, फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी राखून बसविले. एंजिन उघडावे लागले नाही. त्या दिवशी मामंजी जेवताना दोनदा आमटी मागून घेते झाले.

दोन वर्षांनी मामंजी गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर सासूबाईंना भीमाशंकरास जावयाचे होते. तिथून परतल्यावर गाडी विकावी, असे घरात ठरल्यासारखेच होते. वैशाखाचे ऊन, घोडेगाव मागे टाकून आम्ही डिंभ्याच्या पुढे चढास लागलो. खाली धरणाचे पाणी आटत आले होते. ज्याचे नाव तालुक्याने धारण केले आहे ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले. एका वळणावर एंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. मागे सत्तरी उलटलेल्या सासूबाई, आणि सावली म्हणावी तर एक हिरड्याचे झाड.

माझे हात कापत होते. तरीही क्रम सोडला नाही. ठिणगी पाहिली, ती निळी होती. टाकीत पेट्रोल होते. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडली, तर तीतून थेंब येईना. आणि पंपाजवळ हात नेववत नव्हता. तेव्हा उमगले. चढाला एंजिन तापते, गती मंद असल्याने वारा मिळत नाही, पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते आणि पंपास वाफ ओढता येत नाही. यावर उपाय ओल्या फडक्याचा. पण फडके काही सापडेना.

इतक्यात सासूबाईंनी आपल्या पिशवीतून काहीतरी काढून पुढे केले. तो मामंजींचा पंचा होता. देवापाशी नेण्यासाठी त्यांनी तो घेतला होता, हे मला ठाऊक नव्हते. मी घेईना, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, त्यांचाच तो. तिच्याच कामाचा.” आम्ही तो पाण्यात भिजवून पंपावर व नळीवर गुंडाळला आणि हिरड्याखाली बसून राहिलो. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली. थोडे खोकून एंजिन सुरू झाले. दर्शन घेऊन उतरताना, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरावे, हा मामंजींचा नियम पाळला. नाहीतर सतत दाबून ब्रेकचे ढोल तापतात आणि ऐन उतारावर दगा देतात.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यांवरून गेल्या. आमची अजून आहे. दर पाच वर्षांनी तपासणी होऊन तिची नोंदणी वाढते. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्यांस सोसत नाही व ओलावा ओढते, म्हणून नळ्या बदलून घेतल्या आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवीत नाही.

गाडी विकत घ्यावयास एक गृहस्थ मध्यंतरी आले होते. सासूबाईंनी त्यांस चहा दिला, गाडीचे गुण सांगितले आणि परत पाठविले. तेलाचे डाग पडलेला तो पंचा आता बॉनेटखाली नसतो. तो धुऊन, घडी करून, देवघराच्या फडताळात ठेवलेला आहे. घाटात जावयाचे असले की सासूबाई स्वतः तो काढून माझ्या हाती देतात.