बाबांचा रिमोट

मागचे दोन शनिवार-रविवार रास्पबेरी पायशी झटापट करण्यात गेले. कारण म्हटलं तर क्षुल्लक. बाबांना त्यांच्या जुन्या रिमोटनेच गाणी लावायची होती.

आमची म्युझिक सिस्टीम २०२३ च्या पावसाळ्यात कायमची गप्प झाली. ती भंगारात गेली, पण रिमोट बाबांनी दिला नाही. काचबिंदूने त्यांची नजर आता उजेड-अंधार सांगण्यापुरतीच उरलीय. 'पुढचं गाणं' आणि 'थांबा' या दोन बटणांवर आईने नेलपॉलिशचे जाड थेंब देऊन ठेवले होते, बोटाला कळावेत म्हणून. वर आपलं नेहमीचं प्लास्टिकचं कव्हर, रबरबँडसकट. आई २०१९ मध्ये गेली. थेंब अजून आहेत.

भावाने बोलून चालवायचा स्पीकर पाठवला. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "छोटा गंधर्व म्हटलं की हा भलतंच लावतो. आणि अरे, पहाटे चारला घरात ओरडून गाणं मागायचं का?" फोनची गुळगुळीत काच तर त्यांच्या बोटांना काहीच सांगत नाही. मग उरलो मी. पण मला उठवायला नको म्हणून ते पहाटे नुसतेच बसून राहतात, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून त्यांच्या सगळ्या सीड्या पायवर उतरवल्या आणि तपकीर गल्लीतून दोन इन्फ्रारेड रिसीव्हर आणले. हरभऱ्याएवढी काळी वस्तू, तीन पाय. रिमोटचं बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणारा उजेड सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. हा नेमका त्या लुकलुकण्यालाच ओ देतो. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका दिसला. म्हणजे रिमोट जिवंत होता!

मग मी माती खाल्ली. आणला होता टीएसओपी ३८२३८ आणि जोडणी केली १७३८ चं चित्र बघून. १७३८ चे पाय ग्राउंड, व्होल्टेज, आउटपुट. ३८२३८ चे आउटपुट, ग्राउंड, व्होल्टेज. रिसीव्हर चांगलाच तापला, माझं बोट चटकलं आणि तो कामातून गेला. नशीब, दोन होते. दुसरा नीट जोडला: पायच्या ३.३ व्होल्टला, ग्राउंडला आणि जीपीआयओ १८ ला.

सॉफ्टवेअरची वेगळीच गंमत. जालावरचे जुने लेख लिर्क-आरपीआय ड्रायव्हर वापरा म्हणतात. तो कर्नल ४.१९ पासून गेला. आता कॉन्फिगच्या फायलीत जीपीआयओ-आयआरची एक ओळ घालायची, पाय पुन्हा चालू करायचा आणि आयआर-कीटेबल लावून बटणं दाबत बसायचं. पडद्यावर आकडे उमटले तेव्हा मी एकटाच ओरडलो :)

दिवसा छान चालायचं, दिवे लागले की रिमोट बहिरा. बराच वेळ कोड चिवडल्यावर खोलीतली ट्यूब बंद करून पाहिली, तर चालायला लागलं! इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूबसुद्धा लुकलुकते आणि रिसीव्हर गोंधळतो. त्याला कपाटाच्या आडोशाला वळवला. जाता जाता बाबांना म्हटलं, कव्हर काढूया का? नाही म्हणाले. तसंही त्यातून उजेड जातो.

खरी अडचण बाबांच्या अंगठ्याची होती. ते बटण चाचपतात, खात्री करतात, मग सावकाश दाबून धरतात. तेवढ्यात चार गाणी पुढे! बटण दाबलेलं असेपर्यंत रिमोट 'अजून दाबलंय' असा निरोप पाठवत राहतो. कर्नल दाबण्याला १, सोडण्याला ० आणि धरून ठेवण्याला २ म्हणतो. माझ्या प्रोग्रॅमला सांगितलं, २ आला की ऐकू न आल्यासारखं कर.

परवा पहाटे जाग आली ती नाट्यगीताने. आवाज अगदी बारीक. बाहेर आलो तर बाबा खुर्चीत, अंधारातच, अंगठा थेंबावर.

"उठवलं का रे तुला?"

"नाही हो बाबा, पाण्याला उठलो."

"बरं. ते आवाज वाढवायचं बटण आता दाबून धरलं तरी एकच घर पुढे जातं. सवडीने बघ."

२ चा नियम मी सगळ्याच बटणांना लावून ठेवलाय. आज ते निस्तरायला बसलोय.