रंगाचा चहा

चहाच्या बाबतीत मराठी माणूस मोठा सनातनी आहे. तो पक्ष बदलील, पंथ बदलील, प्रसंगी पगडीही बदलील. पण चहात दूध हवं म्हणजे हवंच! बिनदुधाचा चहा आपल्याकडे दोघांच्याच वाट्याला येतो. एक तापाने पडलेला रोगी आणि दुसरा गवळ्याची उधारी थकलेल्या घरचा पाहुणा. अस्मादिकही याच पंथातले. तेव्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपला हा धर्म बुडणार आहे, असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझे आतेभाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षं नैरोबीला आहेत. गेल्या नाताळच्या सुट्टीत सौ.चा हट्ट आणि त्यांचा आग्रह एकत्र आले आणि आम्ही केनियाला गेलो. सिंह पाहायला म्हणून गेलेल्या आम्हांला दादांनी पहिल्या सकाळी नेलं ते लिमुरूला, चहाचे मळे पाहायला!

लिमुरू नैरोबीपासून तासाभराच्या वाटेवर, समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांच्या वर आहे. सकाळी तिथे चांगलीच थंडी होती. टेकडीमागून टेकडी, आणि प्रत्येक टेकडीवर कमरेएवढी छाटलेली चहाची झुडपं, हिरवी शाल अंथरावी तशी. बायका पाठीवर टोपल्या घेऊन झुडपांतून सरकत होत्या. दोन पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं आणि हात मागे नेऊन टोपलीत टाकायचं. नजर मात्र पुढच्या झुडपावर.

या देशात चहा आला तो १९०३ साली, आपल्याच हिंदुस्थानातून, आणि पहिल्यांदा लावला गेला तो इथेच. १९२४ नंतर तिकडे केरिचोच्या बाजूला मोठमोठ्या कंपन्यांचे मळे उभे राहिले. त्यासाठी किप्सिगीस आणि तलाई लोकांच्या जमिनी गेल्या. ते दुःख अजून निवलेलं नाही. आणि गंमत अशी, की ज्यांच्या मातीत चहा उगवत होता आणि ज्यांच्या हातांनी तो खुडला जात होता, त्या आफ्रिकन शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतात चहा लावायची मोकळीक १९५० नंतरच्या दशकात कुठे मिळू लागली. १९६३ साली देश स्वतंत्र झाला. आज तिथला निम्म्याहून अधिक चहा लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांवर पिकतो.

“आता हा चहा जातो कुठे, ते बघायला मोंबासाला जा,” दादा म्हणाले.

२०१७ साली सुरू झालेल्या नव्या आगगाडीने आम्ही निघालो. वाटेत त्सावोच्या तांबड्या मातीत लोळून तांबडे झालेले हत्ती खिडकीतूनच दिसले आणि सौ.चे तिकिटाचे पैसे वसूल झाले. मोंबासाला उतरलो तर थेट कोकणातच आल्यासारखं वाटलं. तोच घाम, तेच माड, तोच खारा वारा. किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी १५९३ साली बांधायला घेतलेला फोर्ट जीझस उभा आहे. १६९८ साली अरबांनी तो घेतला, आणि गोव्याहून निघालेलं मदतीचं आरमार पोचलं ते किल्ला पडल्यावर. सरकारी मदतीची ही परंपरा जुनी दिसते!

याच शहरात चहाचा मोठा लिलाव होतो. १९५६ साली तो नैरोबीत सुरू झाला आणि १९६९ साली मोंबासाला आला. केनियाबरोबर युगांडा, रुआंडा, मलावी अशा देशांचाही चहा इथे विकला जातो आणि बोटींत चढून पाकिस्तान, इजिप्त, इंग्लंडकडे रवाना होतो. देशात मागे राहतो तो अगदी थोडा.

आमचा मुक्काम जुन्या शहरात होता. कोरीव दारांच्या अरुंद गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्यांत. खाली घरमालकीणबाई राहत. वय साठीच्या पुढे, अंगावर फुलाफुलांचं वस्त्र, आणि हसू असं, की भाषेची अडचण भासू नये. त्यांना सगळी गल्ली ‘मामा’ म्हणायची. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. सौ.ला ते ऐकून इतकं हसू लोटलं, की मला मध्ये पडून आपल्याकडचा मामा समजावून सांगावा लागला. त्यावर मामाही खूप हसल्या आणि त्यांनी आम्हांला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. ‘सा म्बिली’, म्हणजे दोन वाजता. मी मराठीचा प्राध्यापक असलो तरी एक-दोन-तीन स्वाहिलीतून पाठ करून गेलो होतो!

सकाळी साडेआठला मामांचा मुलगा दारात. “आई कधीची वाट पाहतेय.” मग उलगडा झाला. स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. मी ओशाळून, अर्धा शर्ट खोचून खाली धावलो.

चटईवर न्याहारी मांडली होती. वेलची आणि नारळाचं दूध घालून मळलेल्या पिठाची, टम्म फुगलेली महमरी. आणि तिच्याबरोबर नारळाच्या रसात शिजवलेले ओले-सुके दाणे. एक घास घेतला आणि सौ. म्हणाली, “अहो, ही तर तूर!” तूरच होती. पण माझं लक्ष चुलीकडे लागलं होतं. पातेल्यात चहा उकळत होता, त्यात ठेचलेलं आलं होतं आणि गाठ मारून सोडलेली हिरवी लांब पात. वास आला आणि मी दचकलो. गवती चहा! ‘म्चाइचाइ’, मामा म्हणाल्या. पातेलं उतरवून त्यांनी चहा पेल्यांत गाळला आणि प्रत्येकात लिंबू पिळलं. काळपट तांबडा रंग डोळ्यांदेखत उजळून सोनेरी झाला.

“दूध?” मी सवयीने विचारलं.

मुलाने आईचं उत्तर सांगितलं. “लिंबावर दूध घातलं तर फाटेल. आणि दूध असलं की दुधाचा चहा, नसलं की रंगाचा. चहा तो चहाच.”

“कशाचा?”

“‘चाय या रांगी’. रंगाचा चहा.”

पेला माझ्या हातात तसाच राहिला. पस्तीसेक वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ समोर आली. महिनाअखेर. आमच्या दोन खोल्यांत हेडमास्तर अवचित आले होते. आईने मोरीपाशी लावलेल्या गवती चहाची चार पाती खुडली, लिंबू पिळलं आणि आपल्या परीने सुरेख चहा करून पुढे ठेवला. आणि मी, नऊ वर्षांचा शहाणा, मोठ्याने म्हणालो, “दूध संपलंय, म्हणून कोरा दिलाय!” मास्तरांनी न ऐकल्यासारखं केलं. आईने मान खाली घातली. ती मला तेव्हा काही बोलली नाही आणि पुढेही कधी बोलली नाही.

जन्मभर मी शब्दांचेच अर्थ शिकवत आलो. पण आपल्या ‘कोरा’ या शब्दाकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. चहात काय नाही, त्यावरून आपण त्याला नाव दिलं. या माणसांनी त्यात काय आहे, ते पाहिलं.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून स्वयंपाकघरात गेलो. लिमुरूची पूड, आलं, कुंडीतला गवती चहा, वर लिंबू. कप आईच्या हातात दिला. तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“दूध संपलं का रे?”

विमानात या प्रश्नाचं सुंदर उत्तर मी जुळवून ठेवलं होतं; त्यातला एक शब्द तोंडातून फुटेना. आई मात्र बशीत ओतून निवांतपणे चहा पीत राहिली. शेवटचा घोट झाल्यावर म्हणाली,

“चांगला झालाय. उद्या आलं जरा कमी घाल.”