पाठीमागची पाटी

दसरा झाला की आमच्या शहागडच्या दुकानात ओव्हन यायला लागतात. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी बारा महिने येतात. ओव्हनचा हंगाम दिवाळीचा. वर्षभर माळ्यावर पडलेला ओव्हन नानकटाईसाठी खाली उतरतो, पहिल्यांदा बटण दाबलं की घरातला ट्रिपर पडतो आणि मग तो मोटारसायकलवर आडवा बांधून माझ्याकडे आणला जातो. वडीगोद्रीहून येतो, अंकुशनगरच्या कारखान्याच्या वसाहतीतून येतो, गोदावरीचा पूल ओलांडून गेवराईकडच्या गावांतूनही येतो. गंमत म्हणजे त्यातले बरेचसे बिघडलेले नसतातच.

ओव्हनमध्ये वरखाली दिसते ती काळसर नळी म्हणजे कॉइल. नळीच्या आत नायक्रोमची तार असते आणि तार नळीला चिकटू नये म्हणून मधल्या जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड वीज अडवते, उष्णता जाऊ देते. पण ती ओल धरते. पावसाळाभर ओव्हन नुसता ठेवला की नळीच्या टोकांतून दमट हवा आत शिरते आणि थोडी वीज बाहेरच्या पत्र्यात झिरपू लागते. घरात आरसीसीबी, म्हणजे आपला ट्रिपर, असेल तर तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो. नसेल आणि अर्थिंगही नसेल, तर ताट आत सरकवणाऱ्या बाईच्या बोटांना झिणझिण्या येतात. अशा ओव्हनच्या बॉडीला मी पक्की अर्थिंग देतो आणि डिमरस्टॅटवर अर्ध्या व्होल्टेजला तापत ठेवतो. ओल उडाली की इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरचा काटा वर सरकतो. हा उद्योग घरी करायचा नाही. घरी करायचं ते एवढंच, की महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पाच-दहा मिनिटं रिकामा ओव्हन चालवायचा.

ओव्हन आमच्याकडे तसा उशिराच आला. त्याआधी रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत न्यायची, भट्टीवाल्याकडून बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणायची, अशी रीत होती. मग गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला. झाकणात काचेची खिडकी, वर एक उघडी कॉइल आणि खाली एक. थर्मोस्टॅट नाही, टायमर नाही. करपल्याचा वास आला की पिन काढायची. तो अजूनही दुरुस्तीला येतो आणि मला तो आवडतो. त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच.

आता मात्र दिवाळीला घरी आलेली पोरंच ओव्हन घेऊन येतात. पोरगा शिकून पुण्याला गेला, तिथून कंपनीनं अमेरिकेला पाठवला. कुणाचा जावई सौदीत आहे, कुणाची मुलगी जर्मनीत. परदेशात काही वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला घरातल्या वापरलेल्या सामानावर कस्टम्समध्ये सवलतही मिळते, त्यामुळे मोह आणखी वाढतो. मग फोन येतो, “मामा, इथं फार भारी ओव्हन मिळतोय, आणू का?” मी कंपनीचं नाव विचारत नाही. ओव्हनच्या पाठीमागं खालच्या कोपऱ्यात एक चंदेरी पाटी असते, तिचा फोटो पाठव म्हणतो. व्होल्ट, हर्ट्झ, वॅट हे तीन आकडे त्या पाटीवर असतात आणि ओव्हन इथं जगेल की नाही ते त्यातच कळतं.

आपल्याकडे घरात वीज येते ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत साध्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथला १५०० वॅटचा छोटा ओव्हन घ्या. त्याच्या कॉइलचा रोध येतो ९.६ ओहम. तीच कॉइल आपल्या २३० ला लावली तर २४ अँपिअर ओढते आणि साडेपाच हजार वॅटनं पेटते. व्होल्टेज दुपटीच्या आसपास गेलं की उष्णता जवळजवळ चौपट होते, त्याचा हा हिशेब. कॉइल आधी लाल, मग पिवळसर होते आणि मागचा थर्मल फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर काय होतं ते सांगायला नको.

“स्टेप डाउन लावू की!” हे पुढचं वाक्य ठरलेलं. नुसती कॉइल आणि डायल फिरवायचा साधा थर्मोस्टॅट असलेला ओव्हन स्टेप डाउनवर चालतो, खोटं का बोलू. पण १५०० वॅटला निदान दोन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो एका हातानं उचलवत नाही, ओट्यावर मावत नाही, आणि त्याच्या पैशात इथं नवा ओव्हन येतो. मायक्रोवेव्हला तर तोही उपाय पुरत नाही. स्टेप डाउन व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. मायक्रोवेव्हच्या पोटात हाय व्होल्टेजचा जो ट्रान्सफॉर्मर असतो तो ६० हर्ट्झच्या हिशेबानं बांधलेला असेल, तर ५० वर त्याचं लोखंड चुंबकत्वानं लवकर भरून जातं. तो घुमतो, तापतो आणि एक दिवस वास सोडतो. त्याआधी बाईसाहेबांच्या लक्षात येतं ते वेगळंच: समोरचं घड्याळ मागं पडतंय. विजेच्या हेलकाव्यांवर चालणारं ६० हर्ट्झचं घड्याळ आपल्याकडे तासाला दहा मिनिटं मागं राहतं. इन्व्हर्टर म्हणून विकले जाणारे मायक्रोवेव्ह आधी वीज डीसी करून घेतात, त्यांना हर्ट्झचा त्रास कमी. व्होल्टेजचा मात्र तेवढाच.

जपानचं तर विचारूच नका. तिथं १०० व्होल्ट, त्यातही पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०.

सगळ्यात फसवी पाटी सौदीची. लोकांना वाटतं, आखातातलं सामान म्हणजे आपल्यासारखंच. दुबई, ओमान, कतार, कुवेत इथं ५० हर्ट्झ आहे, तिथला ओव्हन बिनधास्त आणा. सौदी अरेबियात मात्र ६० हर्ट्झ. पाटीवर २२० व्होल्ट दिसतं, पिनही दुबईसारखीच चौकोनी तीन दांड्यांची, आणि माणूस पुढचा आकडा वाचतच नाही. कोरियातही तसंच, २२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. त्यामुळे “कोरियन कंपनीचाच आहे, इथं सर्व्हिस मिळेल” या भरवशावर थेट कोरियातून मायक्रोवेव्ह आणण्यात अर्थ नाही. तीच कंपनी भारतासाठी वेगळं मॉडेल बनवते आणि इथला सर्व्हिसवाला त्याच मॉडेलचे पार्ट ठेवतो. पाटीवर ५०/६० असं दोन्ही छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

इंग्लंड, जर्मनी, एकूणच युरोपातला ओव्हन विजेच्या दृष्टीनं आपलाच. अडचण येते ती जागेची आणि सॉकेटची. तिथले ओव्हन कपाटात बसवायचे असतात, साठ सेंटिमीटरच्या खणात. आपल्या ओट्याखाली सिलिंडर असतो, नाहीतर धान्याची कोठी. शिवाय त्यांची भूक मोठी. ३६०० वॅटचा ओव्हन जवळजवळ १६ अँपिअर घेतो. त्याला पॉवरचं वेगळं सॉकेट, वेगळी वायर, वेगळा एमसीबी हवा. ॲडाप्टर खोचून मिक्सरच्या सॉकेटवर चालवला की सॉकेट वितळतं आणि दोष मात्र ओव्हनला मिळतो.

गॅसवरची मोठी अमेरिकन रेंज कुणी आणायला निघालं तर मी हातच जोडतो. ती पाइपमधून येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी असते. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात सुमारे अडीच पट उष्णता, म्हणजे जेटची भोकं बारीक हवीत. तेच जेट ठेवून सिलिंडर जोडला तर लांब पिवळी ज्योत निघते आणि भांडी काजळतात. कंपनीचं एलपीजीचं किट नसेल तर जेटवर छिन्नी-ड्रिल चालवू नये.

आता ‘कंपनी कुठली चांगली’ हा प्रश्न. नावं भरपूर आहेत, घरं कमी. बॉश आणि सीमेन्सचे ओव्हन एकाच बीएसएच कंपनीचे. ती १९६७ साली दोघांनी मिळून काढली आणि २०१५ साली बॉशनं सीमेन्सचा वाटा विकत घेतला. नेफ आणि गॅगेनाऊसुद्धा त्याच घरातले. अमेरिकेतला जीईचा घरगुती उपकरणांचा धंदा २०१६ पासून चीनच्या हायरकडे आहे. त्याच वर्षी तोशिबाचा तसाच धंदा मिडिया नावाच्या कंपनीनं घेतला. मॉर्फी रिचर्ड्स हे नाव इंग्लंडातलं, पण आपल्याकडे ते कित्येक वर्षं बजाज इलेक्ट्रिकल्सनं विकलं. मायक्रोवेव्ह उघडून पाहिले तर नावांचा फरक आणखी विरघळतो. आतल्या लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच. एलजीचा २एम२१४ मी दुसऱ्याच नावाच्या मायक्रोवेव्हमधून काढलेला आहे आणि दुसऱ्यात बसवलेलाही आहे.

नाव मोठं असून काय होतं ते मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. धूतांचं व्हिडिओकॉन आपल्या औरंगाबादचं, आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. पैठण रस्त्यावर चितेगावला त्यांचा केवढा पसारा! केनस्टारही त्यांचंच. मिक्सर, कूलर, मायक्रोवेव्ह, आमच्या भागात लग्नाच्या रुखवतात केनस्टार ठरलेला असायचा. २००५ साली त्यांनी इलेक्ट्रोलक्सचा भारतातला धंदा घेतला, तेव्हा आपल्या भागातल्या माणसानं स्वीडनची कंपनी घेतली म्हणून केवढं कौतुक झालं. २०१७ साली केनस्टार दुसऱ्यांच्या हाती गेला आणि २०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकलं. वस्तू काही रातोरात वाईट झाल्या नाहीत. घराघरात त्या चालतच राहिल्या, पण दाराचं लॅच, टचपॅड, काचेची थाळी मागवायची कुठून? म्हणून कंपनी तोलताना मी पहिला प्रश्न विचारतो तो पार्टचा. थर्मोस्टॅट आणि कॉइल जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या बाजारात हातोहात मिळते का? मिळत असेल तर मधल्या किमतीचा ओटीजी, म्हणजे कॉइलचा ओव्हन, कुठल्याही नावाचा घ्या. दहा मोडचा, रंगीत पडद्याचा, मोबाइलवरून चालणारा घेऊ नका. आमच्याकडे पडदे असलेल्या ओव्हनचे बोर्ड झुरळं खातात, उंदीर वायरी कुरतडतात आणि बोर्ड ओव्हनच्या निम्म्या किमतीला येतो.

मायक्रोवेव्हमध्ये दम किती, हे मात्र घरी तपासता येतं. पाटीवरचा १२०० वॅटचा आकडा तो भिंतीतून घेतो त्याचा असतो. अन्नाला मिळतात त्यातले आठशेच्या आसपास. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या काचेच्या भांड्यात एक लिटर साधं पाणी घ्या, तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं चालवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढलं त्याला ३५ नं गुणा. वीस अंश वाढलं तर सातशे वॅट. चारशेच्या खाली आलं तर मॅग्नेट्रॉन थकलाय, नाहीतर घरातलं व्होल्टेजच पडलंय. ओटीजीसाठी सुटा ओव्हन थर्मामीटर घेऊन आत ठेवा. डायल १८० वर असतो आणि आतलं तापमान दोनशेच्या वर जाऊन मग खाली येतं, हे महागड्या ओव्हनमध्येही दिसतं. अमेरिकन डायलवर ३५० दिसलं तर घाबरू नका. ते फॅरनहाइट आहे, आपले साधारण १७७ अंश सेल्सिअस.

व्होल्टेज पडलंय म्हणालो ते आमच्याकडचं खरं दुखणं. गावठाणात ठीक असतं, पण शेतातल्या वस्तीवर, जिथं घराची लाइन शेतीच्याच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर आहे, तिथं उसाच्या मोटारी सुरू झाल्या की मीटर १८० दाखवतो. २००० वॅटचा ओव्हन १८० व्होल्टला जेमतेम सव्वाबाराशे वॅट देतो. दिवा पिवळा पेटलेला असतो, म्हणून ओव्हन तापलाय असं वाटतं. नानकटाई आत ठेवली की तूप आधी पातळ होतं, कड धरायला लागणारी उष्णता मागून येते, आणि ताटात एकमेकांना चिकटलेल्या चपट्या चकत्या मिळतात. मग काकू दुकानात येऊन म्हणतात, “भाऊ, ही कंपनी काही बरी नाही.” मी त्यांना ओव्हन बदलून देत नाही. शेताच्या लाइनला मोटारींना लागणारी थ्री फेज कधी येते आणि कधी जाते ते विचारतो. मोटारी बंद असतात तेव्हा सिंगल फेजवर हाच ओव्हन पुरेसा तापतो. आता आमच्या काही वस्त्यांवर बायका थ्री फेजचं वेळापत्रक पाहूनच नानकटाईचं पीठ मळायला घेतात.