रेघेने न शिवलेले ठिपके

ठिपक्यांच्या रांगोळीचा नियम लहान मुलालाही ठाऊक असतो: आधी ठिपके, मग रेघ, आणि रेघ ठिपक्याला गाठूनच पुढे जाते. ग्राफिक्सच्या प्रोग्रॅमिंगमध्ये पहिल्यांदा वक्ररेषा काढायला बसणारा माणूस हाच नियम मनात धरून येतो आणि बेझिए वक्र पाहून बिचकतो. चार बिंदू दिले तर वक्र पहिल्यापासून निघतो, चौथ्याला पोचतो आणि मधल्या दोघांकडे फक्त झुकतो. त्यांना तो शिवत नाही, तरी नाव मात्र ‘कंट्रोल पॉइंट’. ज्याच्यापर्यंत रेघ येतच नाही त्याने तिच्यावर ताबा कसला ठेवायचा, ही तक्रार रास्त वाटते. माझे म्हणणे मात्र उलटे आहे. रेघ मधल्या बिंदूंना शिवत नाही म्हणूनच ती त्यांच्या ताब्यात राहते. शिवायची सक्ती केली की ताबा सुटतो.

सक्ती करून पाहायला गणिताची आडकाठी नाही. दोन बिंदूंतून सरळ रेघ, तिनांतून पॅराबोला, अकरांतून दहा घाताची बहुपदी: लाग्रांजच्या सूत्राने अशी बहुपदी नेहमीच मिळते. ही वाट कुठे जाते ते कार्ल रुंगे यांनी 1901 मध्ये एका साध्या उदाहरणाने दाखवले. 1/(1 + 25क्ष²) हे फल घ्या. मध्यभागी 1 उंचीची टेकडी, दोन्हीकडे उतरत −1 आणि 1 या टोकांशी जेमतेम 0.04. तिच्यावर समान अंतराने अकरा बिंदू घेऊन दहा घाताची बहुपदी काढली, तर ती प्रत्येक बिंदूला इमानाने शिवते आणि टोकाजवळच्या दोन बिंदूंच्या मधल्या जागेत उसळून जवळजवळ 2 पर्यंत जाते. टेकडी तिथे केव्हाच सपाट झालेली असते. समान अंतरानेच आणखी बिंदू वाढवले तर उसळी आणखी वाढते. बिंदू टोकांकडे दाट पेरले की ती आटोक्यात येते हे खरे, पण बिंदू कुठे ठेवायचे हे चित्रकाराला फर्मावणारे साधन चित्रकाराच्या काय कामाचे? या उसळीचे मूळ वजनांत आहे. वक्रावरची कुठलीही जागा म्हणजे दिलेल्या बिंदूंचे वजनवार मिश्रण. वजनांची बेरीज 1. लाग्रांजच्या सूत्रात यांतली काही वजने ऋण निघतात. वजन ऋण असले की बिंदू वर ओढला तर वक्राचा दुसरीकडचा एखादा भाग खाली जातो. हाताने वर ओढायचे आणि रेघेने खाली जायचे, याला ताबा म्हणत नाहीत.

बेझिए वक्रात एकही वजन ऋण नसते, आणि ते का नसते हे कास्टेलझोच्या रीतीत डोळ्यांना दिसते. (0, 0), (0, 100), (100, 100) आणि (100, 0) असे चार बिंदू घ्या. लागोपाठच्या दोन-दोन बिंदूंचे मध्य काढा: (0, 50), (50, 100), (100, 50). पुन्हा मध्य: (25, 75), (75, 75). पुन्हा एकदा: (50, 75). झाले, वक्राचा मधला बिंदू मिळाला. मध्याऐवजी दुसरे प्रमाण धरले की वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो. सरासरीची सरासरी, तिची पुन्हा सरासरी, याशिवाय यात काही नाही. सरासरी ही मूळ आकड्यांच्या पलीकडे उडी मारत नाही. कंट्रोल पॉइंट 100 उंचीवर असूनही वक्र 75 पर्यंतच चढला, कारण मध्यावर चार बिंदूंची वजने 1/8, 3/8, 3/8, 1/8 अशी पडतात. चार खिळे ठोकून त्यांच्याभोवती रबरबँड ताणला तर सगळा वक्र त्याच्या आत राहतो. प्रोग्रॅमरला हे फुकटचे घबाड आहे. चारही बिंदू पडद्याच्या एकाच कडेबाहेर असले तर वक्र काढायचा प्रश्नच मिटला. आकृती फिरवायची असेल तर चार बिंदू फिरवा, वक्र आपोआप फिरतो. आणि वरच्या आकडेमोडीत जे मधले बिंदू पडले, त्यांतले (0, 0), (0, 50), (25, 75), (50, 75) हे वक्राच्या डाव्या अर्ध्या भागाचे कंट्रोल पॉइंट आहेत. अर्धे करत जायचे, तुकडा पुरेसा सपाट झाला की सरळ रेघ ओढायची. वक्र काढण्याचा कित्येक वर्षे चालत आलेला कोड एवढाच आहे.

पॉल द कास्टेलझो यांनी ही रीत 1959 मध्ये सित्रोएन या मोटार कंपनीत बसवली. कंपनीने ती बाहेर जाऊ दिली नाही. रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच वक्र गाठले आणि छापले, म्हणून वक्राला त्यांचे नाव लागले. वजनांची सूत्रे मात्र दोघांच्याही आधीची, सर्गेई बर्नस्टाइन यांची, 1912 ची. कुठलेही सलग फल बहुपदीने हवे तितके जवळ गाठता येते हे सिद्ध करायला त्यांनी ती वापरली. सिद्धता देखणी होती, पण त्या बहुपदी मूळ फलाकडे इतक्या गोगलगाईच्या चालीने सरकतात की प्रत्यक्ष आकडेमोडीत त्यांना कोणी विचारेना. दिलेल्या आकड्यांना चिकटायची ही नाखुशीच मोटारीच्या पत्र्याला हवी होती. गणितात जो आळस ठरला, तो पत्र्यावर घोटीवपणा म्हणून उतरला.

यावर पहिला आक्षेप अ‍ॅनिमेशनवाल्यांचा. चेंडू या फ्रेमला इथे आणि त्या फ्रेमला तिथे असलाच पाहिजे. ‘साधारण तिकडे झुकेल’ हे उत्तर त्यांना चालणार नाही. बरोबर आहे, आणि त्यासाठी एडविन कॅटमुल आणि राफाएल रोम यांनी 1974 मध्ये मांडलेला, बिंदूंतून जाणारा वक्र आहेच. पण तो उकलून पाहिला तर दर दोन बिंदूंमध्ये एक तीन घाताचा बेझिए तुकडाच सापडतो. त्याचे न शिवलेले दोन बिंदू सूत्र ठरवते: शेजारच्या दोन बिंदूंमधल्या अंतराचा सहावा हिस्सा पुढे, सहावा मागे. म्हणजे कंट्रोल पॉइंट नाहीसे झाले नाहीत, फक्त वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतले. दिलेल्या बिंदूंच्या रबरबँडबाहेर डोकावायची खोडही त्याबरोबर परत येते. तुकडे छोटे म्हणून ती रुंगेच्या उसळीइतकी बेफाम नसते, एवढेच.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. टोके सोडली तर वक्राच्या प्रत्येक जागी प्रत्येक कंट्रोल पॉइंटचे थोडेतरी वजन असते, म्हणून एक हलवला की सगळा वक्र हलतो. घात वाढवला तर हे आणखी बिघडते. तीन घातात आतल्या बिंदूचे वजन जास्तीत जास्त 4/9 पर्यंत जाते. दहा घातात अगदी मधल्या बिंदूला ऐन मध्यावरही 252/1024, म्हणजे पाव हिस्सासुद्धा मिळत नाही. बिंदू भरपूर, पण सगळे मिंधे. इथे वाद घालण्यात अर्थ नाही, उंच घाताचा बेझिए वक्र हे वाईटच साधन आहे. व्यवहारात तसा तो कोणी वापरतही नाही. घात लहान ठेवायचा आणि तुकडे जोडायचे. सांध्यावरचा बिंदू आणि त्याच्या दोन बाजूंचे कंट्रोल पॉइंट एका रेषेत ठेवले की टोचरा कोपरा येत नाही. 1984 च्या पोस्टस्क्रिप्टने तीन घात धरला, ट्रूटाइप फॉन्टनी दोन. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा ट्रूटाइपच, त्यामुळे त्यातल्या ‘ळ’चे दोन्ही वेढे पॅराबोलाच्या तुकड्यांचे आहेत. वाचताना ते कुणाला जाणवत नाही.

राहिले वर्तुळ. बहुपदीला, तिचा घात कितीही असो, खरे वर्तुळ काढताच येत नाही. त्यासाठी भागाकार घ्यावा लागतो. भूमितीच्या शिक्षकाला हे कलंकासारखे वाटेल. पण पाव वर्तुळासाठी तीन घाताचा एक तुकडा घेऊन कंट्रोल पॉइंट टोकांपासून त्रिज्येच्या 0.5523 पट अंतरावर, स्पर्शिकेवर ठेवले, तर चूक त्रिज्येच्या सुमारे 0.027 टक्के राहते. हजार पिक्सेल त्रिज्येवर पाव पिक्सेलच्या आसपास. मोटारीच्या बेअरिंगसाठी ही चूक चालणार नाही, छापील कागदाला ती पुष्कळ पुरते. पीडीएफच्या चित्रभाषेत सरळ रेघेची, चौकटीची आणि तीन घाताच्या बेझिए वक्राची आज्ञा आहे; वर्तुळाची आज्ञाच नाही. पीडीएफमध्ये रेघेने काढलेला गोल शिक्का पुन्हा कधी पाहाल, तेव्हा तो बहुधा अशाच चार तुकड्यांचा असेल, आणि त्याच्या भोवती रेघेने न शिवलेले आठ ठिपके असतील.