नांगरधारी शेतकरी

भोवती चक्र, आत उभा माणूस, खांद्यावर नांगर. बैल नाहीत, जमीन नाही, साधं ढेकूळसुद्धा नाही. जनता पक्षाच्या या निशाणीकडे शेतीतल्या माणसानं पाहिलं की त्याला पहिली शंका यायची ती हीच, की हा गडी शेतावर निघालाय की परत आलाय? नांगर खांद्यावर आहे तोवर नांगरणी नाही, एवढं नक्की.

मुळात तो जनता पक्षाचा नव्हताच. १९७४ साली चरणसिंगांनी सात पक्षांची मोट बांधून भारतीय लोकदल काढलं, त्या घरचा हा. १८ जानेवारी १९७७ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. नेते तुरुंगातून सुटत होते आणि मतदान दोन महिन्यांवर. २३ जानेवारीला संघटना काँग्रेस, जनसंघ, समाजवादी आणि लोकदल यांनी मिळून जनता पक्ष जाहीर केला, पण कायद्याच्या कागदावर विलीनीकरण व्हायचंच होतं. मग चिन्ह कोणतं? जनसंघाकडे पणती, संघटना काँग्रेसकडे चरखा चालवणारी बाई. जुन्या प्रजा समाजवाद्यांच्या मनात अजून झोपडीच. ज्याच्याविरुद्ध वीस-पंचवीस वर्षं भिंती रंगवल्या त्याच्यावरच आता शिक्का मारा, असं कार्यकर्त्याला सांगणार कोण? लोकदलाचं वय अवघं अडीच वर्षांचं, महाराष्ट्रात तर नावापुरतंच. या शेतकऱ्याशी वैर धरायला इथे कुणाला सवडच मिळाली नव्हती. म्हणून तो चालून गेला.

रंगवायला मात्र महाकटकट्या. पणती दोन फटकाऱ्यांत निघते. याला आधी गोल, मग माणूस, मग नांगर. घाईत रंगवलेल्या भिंतीवर हात कुठे संपतो आणि रुमणं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. पण त्या मार्चमध्ये लोकांना तेवढं बघायचंही नव्हतं. पु. ल. देशपांडे, दुर्गाबाई भागवत सभांना उभे राहिले ते याच्यासाठी. उत्तर प्रदेशात त्यानं ८५ पैकी ८५ जागा घेतल्या, महाराष्ट्रात १९; आंध्रात एकटे संजीव रेड्डी. तमिळनाडूत संघटना काँग्रेसनं आपली चरखेवालीच पुढे केली होती. देशभरात याच्या नावावर २९५ जागा लागल्या, आणि निवडणूक आयोगाच्या अहवालात त्या आजही भारतीय लोकदलाच्या रकान्यात आहेत. आणीबाणी उलथवणारा जनता पक्ष त्या निकालात शोधून सापडत नाही! मोरारजींचा शपथविधी २४ मार्चला, विलीनीकरण १ मेला. सरकार आधी, पक्ष मागाहून.

पुढची भांडणं खुर्चीची होती असं म्हणण्याची पद्धत आहे. खुर्ची होतीच, पण मला ते अर्धंच कारण वाटतं. विरोधासाठी एकत्र यायला खांदा पुरतो. नांगर खाली टेकवायचा तर शेत कुणाचं आणि तास कुठून धरायचा, हे आधी ठरवावं लागतं. मधू लिमयांनी दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न लावून धरला तो याच ठिकाणी: जनसंघातून आलेल्यांची निष्ठा पक्षाशी की संघाशी? महाराष्ट्रात १९७८ला ९९ आमदार निवडून आणून जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला, तरी मुख्यमंत्री झाले ते पुलोदचे शरद पवार. दिल्लीत जुलै १९७९मध्ये सरकार पडलं.

मग वाटण्या झाल्या. ज्यांच्या घरून हा आला ते चरणसिंगच बाहेर पडले; लोकदलाकडे पुढे शेत नांगरणारा शेतकरी आला, तो मात्र बैलांसकट. एप्रिल १९८०मध्ये जनसंघवाले उठले आणि पणतीकडे न परतता कमळ घेऊन बसले. १९८८ला जनता दल झालं, त्यानं नुसतं चक्र उचललं, आतला माणूस नको म्हणाले. खुद्द नांगरधारी उरला तो आधी चंद्रशेखरांच्या आणि मग सुब्रमण्यम स्वामींच्या जनता पक्षात. हे स्वामी १९७७ला याच निशाणीवर ईशान्य मुंबईतून लोकसभेत गेले होते. ऑगस्ट २०१३मध्ये त्यांनी उरलासुरला पक्ष भाजपमध्ये विलीन केला. भाजपला अर्थातच चिन्हाची गरज नव्हती.